रेकॉर्ड टिकते म्हणजे नेमकं काय टिकतं?

22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी आमच्या बापूकाकांच्या घरात छातीपर्यंत चढलं. माणसं वेळेत माळ्यावर गेली, सामान खालीच राहिलं, आणि त्या सामानात काकांनी साठेक वर्षं जमवलेलं सगळं गाणं होतं. लाखेच्या 78 च्या रेकॉर्डी (म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, त्यातल्या निम्म्या आजोबांच्या), एलपी (विनाइल नावाच्या प्लास्टिकच्या, 33 फेऱ्यांच्या), कॅसेटींचे दोन खोके, दुकानातल्या सीडी, घरी बर्न केलेल्या सीडी, आणि 2014 साली पुतण्याने म्हणजे मीच मोठ्या हौसेने सगळं भरून दिलेली एक हार्ड डिस्क. ती देताना मी म्हणालो होतो, काका आता काळजी मिटली. हे वाक्य काका मला अजून ऐकवतात.

तिसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा घरात घोटाभर चिखल. हार्ड डिस्क मेली ती मेलीच, डेटा काढून देणाऱ्याने जो आकडा सांगितला त्यात नवीन फ्रिज आला असता आणि तेव्हा फ्रिजच जास्त गरजेचा होता. घरी बर्न केलेल्या सीडी धुवून पुसून लावल्या, त्यातल्या बहुतेक लागल्याच नाहीत, पण खरं सांगायचं तर त्या पुराआधीही लागत असतील याची मला खात्री नाही कारण दहा वर्षांत कुणी लावूनच बघितल्या नव्हत्या. दुकानातल्या छापील सीडी मात्र बऱ्याच वाचल्या. कॅसेटींच्या फितीत चिखल गेला, त्या विषय संपल्या. आणि रेकॉर्डी? काकूने भांडी घासायच्या साबणाने हलक्या हाताने घासल्या, नळाखाली धरल्या आणि गच्चीवर चादर टाकून वाळत घातल्या. किती दिवसांनी जरा ऊन पडलेलं, तिला वाटलं बरं झालं. संध्याकाळी उचलायला गेलो तर सात एलपी पापडासारख्या वाकलेल्या! बाकीच्या मात्र वाजल्या. खरखर वाढली, कव्हरं गेली, लेबलं सुटली, पण वाजल्या.

आता ही गोष्ट मी कुणाला सांगितली की समोरचा एकच निष्कर्ष काढतो, बघ, जुनं ते सोनं, विनाइलला तोड नाही. हल्ली तर ही फॅशनच आहे. अमेरिकेत 2022 मध्ये 1987 नंतर पहिल्यांदा सीडीपेक्षा रेकॉर्डी जास्त खपल्या, साधारण 4 कोटी 10 लाख विरुद्ध 3 कोटी 30 लाख, आणि आपल्याकडेही मुंबई पुण्यात ज्यांच्या घरी प्लेअर नाही ते सुद्धा तीन तीन हजाराची एलपी घेऊन भिंतीवर लावतात. लावा बापडे, पैसे तुमचे. पण "रेकॉर्ड जास्त टिकते म्हणून संगीत जपायचं तर विनाइल घ्या" हे जे बोललं जातं ना, ते मला पटत नाही. आणि "आता सगळं ऑनलाइन आहे, जपायची गरजच काय" हे तर त्याहून पटत नाही. दोघेही वस्तूकडे बघतायत. माझं म्हणणं असं की गाणं टिकतं ते प्लास्टिकच्या जातीवर नाही, ते किती वेगवेगळ्या लोकांच्या हातात आहे आणि त्या लोकांना त्याची कॉपी करायची मुभा आहे का, यावर टिकतं.

आधी विनाइलला त्याचं श्रेय देऊन टाकू. रेकॉर्डमध्ये आवाज अक्षरशः कोरलेला असतो, खोबणीचा आकार म्हणजेच आवाजाचा आकार. त्यामुळे ती म्हातारी होते ती माणसासारखी, हळूहळू. आधी तारसप्तक जरा मऊ पडतं, मग खरखर येते, मग एखाद्या ठिकाणी सुई अडकते, पण गाणं कळत राहतं. डिजिटल फाइलचं तसं नाही, ती शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी नाहीच. काकांच्या हार्ड डिस्कला खोकला सुद्धा आला नव्हता.

दुसरं म्हणजे खोबण वाचायला मूळचं मशीन लागतंच असं नाही. फ्रान्समध्ये एदुआर्द-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल नावाच्या माणसाने एडिसनच्याही आधी, 1860 साली, काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या नुसत्या रेघा ओढून घेतल्या होत्या. त्या परत वाजवता येतील हे त्याच्या डोक्यातही नव्हतं, आवाज डोळ्यांना दिसावा एवढाच हेतू. त्या रेघा 2008 मध्ये कॉम्प्युटरवर स्कॅन करून वाजवल्या आणि आतून गाणं निघालं, 148 वर्षांनी! अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर या भौतिकशास्त्रज्ञाने तर खोबणीचे फोटो काढून त्यावरून आवाज काढायची यंत्रणा बनवली, म्हणजे फुटलेली रेकॉर्ड सुद्धा तुकडे जुळवून, सुई न लावता वाचता येते. एमपीथ्री फाइलबद्दल दीडशे वर्षांनी कुणी असं करू शकेल का, ती फाइल काय आहे हे सांगणारं सॉफ्टवेअर शिल्लक असेल तर करेल, नाहीतर नुसती शून्य एकची रांगोळी.

इथपर्यंत विनाइलवाल्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही. आता पुढचं.

रेकॉर्ड वाजवली की झिजते. चांगल्या प्लेअरला सुईचं वजन दीड दोन ग्रॅमवर लावता येतं, त्याला फार त्रास नाही होत, पण आपल्याकडे घरोघरी जे सुटकेससारखे प्लेअर होते त्यांची सुई म्हणजे नांगर, आणि ती वर्षानुवर्षं बदललेली नसायची. 78 चं तर विचारूच नका. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असायची, कारण स्टीलची सुई त्या खोबणीला घासून खोबणीच्या मापाची व्हावी असंच डिझाइन होतं, म्हणून तर दर बाजूला पिन बदला असं सांगायचे. आमच्या आजोबांनी पिन बदललेली कुणाला आठवत नाही. म्हणजे ज्या रेकॉर्डीवर सगळ्यात जास्त प्रेम तीच सगळ्यात जास्त खराब, आणि जी कुणाला आवडली नाही ती आज नव्यासारखी वाजते. पुन्हा आपली हवा. कोकणात पावसाळ्यात चपलेला बुरशी येते तिथे रेकॉर्डला येणार नाही का?

आणि वाजवणार कशावर? 78 ला वेगळी, जाड सुई लागते, 33 वाली चालत नाही. नवे प्लेअर घ्या, कितीतरींवर 78 चा स्पीडच नसतो. बेल्ट गेला की बेल्ट शोधा, दुरुस्त करणारा शोधा. रेकॉर्ड शंभर वर्षं टिकली आणि सुई मिळाली नाही तर ती ताटली झाली. नव्या रेकॉर्डी बनवण्याचंही तेच. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियात अपोलो मास्टर्स नावाच्या कारखान्याला आग लागली आणि तेव्हा जगाला कळलं की ज्या लॅकरच्या चकतीवर पहिली खोबण कापतात ती बनवणारे अख्ख्या जगात दोनच जण होते, एक हा जळालेला आणि एक जपानमधला. एवढ्या धाग्यावर लटकलेली गोष्ट अजरामर आहे म्हणणं जरा धाडसाचं नाही का?

रेकॉर्डच्या आवाजात एक "ऊब" असते जी डिजिटलमध्ये नाही असं म्हणतात, त्याबद्दल मी बोलणार नव्हतो पण एक किस्सा राहवत नाही. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागड्या, शुद्ध अॅनालॉग (म्हणजे मध्ये कुठेच डिजिटल नाही अशा) म्हणवल्या जाणाऱ्या रेकॉर्डींसाठी प्रसिद्ध. 2022 मध्ये बाहेर आलं की त्यांच्या कितीतरी रेकॉर्डी मधल्या टप्प्यावर डिजिटल कॉपी करून बनवलेल्या होत्या, आणि हे काही वर्षं चाललं होतं. ज्यांचे कान डिजिटलचा वास लगेच ओळखतात असं सांगितलं जात होतं त्यातल्या कुणालाच पत्ता नव्हता. मला यात त्यांची टिंगल करायची नाहीये (थोडी करायची आहे). मुद्दा एवढाच की चांगली डिजिटल कॉपी म्हणजे गाण्याचा खून वगैरे नसतो.

मग डिजिटल जिंकलं? छे. 1982 साली सीडी आली तेव्हा जाहिरात होती, "परफेक्ट साउंड फॉरेव्हर". फॉरेव्हर म्हणजे किती ते आपण बघितलं, सीडी शाबूत आहे आणि लॅपटॉपला ती घालायला भोकच नाही. घरी बर्न केलेल्या सीडीत तर आवाज एका सेंद्रिय रंगाच्या थरावर लिहिलेला असतो आणि रंग म्हटलं की तो उडतो, उन्हाने, उष्णतेने, नुसत्या वेळेने. मग आले पेन ड्राइव्ह, मग मेमरी कार्ड. आठवतंय ना, मोबाइलच्या दुकानात जाऊन चिपमध्ये गाणी भरून घ्यायचो, अमुक रुपयात इतके जीबी, त्यात आपल्या आवडीची वीस आणि दुकानदाराच्या आवडीची चारशे. त्यातलं आज कुणाकडे काय आहे?

आणि आता स्ट्रीमिंग. इथे तर वस्तूच नाही, फक्त भाडं आहे. मार्च 2023 मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफायचं पैशावरून जुळलं नाही आणि झीचा अख्खा कॅटलॉग स्पॉटिफायवरून काही महिने गायब झाला. लोकांच्या प्लेलिस्टमध्ये गाण्यांची नावं करड्या रंगात, दाबलं तरी काही नाही. जानेवारी 2024 मध्ये रेसो हे गाण्यांचं अॅप भारतातून गेलं, त्याच वर्षी विंक हे दुसरं अॅप बंद झालं. प्रत्येक वेळी लोक म्हणाले ठीक आहे, दुसरं अॅप आहे. नव्या हिट गाण्यांना ठीकच आहे, ती चार ठिकाणी असतात. पण एखाद्या छोट्या कंपनीने 1985 ला काढलेली भजनांची कॅसेट, एखाद्या शाहिराचा पोवाडा, गोव्यातल्या तियात्राचे म्हणजे कोंकणी नाटकाचे जुने कांतार (त्यातली गाणी), हे कुठल्या अॅपवर नसतंच, आणि असलं तरी ते ठेवण्यात कुणाचा फायदा नाही म्हटल्यावर जाताना कुणी सांगून जाणार नाही.

"पण क्लाउडवर दहा ठिकाणी कॉप्या असतात" असं आमचा आयटीतला भाऊ म्हणतो. असतात की. पण दहा कॉप्या एकाच मालकाच्या ताब्यात असतील तर माझ्या हिशोबाने ती एकच कॉपी. 2019 मध्ये मायस्पेस या जुन्या सोशल साइटने सांगितलं की सर्व्हर हलवताना 2003 ते 2015 या काळात लोकांनी चढवलेलं संगीत गेलं, साधारण 5 कोटी गाणी असा अंदाज छापून आला होता. ही काही पुरात बुडालेली कंपनी नव्हती. सामान शिफ्ट करताना हरवलं, एवढंच. आपल्याकडे घर बदलताना पोह्याचं पातेलं हरवतं तसं.

आता माझ्या मुद्द्याला सगळ्यात भक्कम पुरावा मला कुठे मिळाला तर अंतराळात. 1977 ला व्हॉयेजर यानांवर नासाने जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड पाठवली त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, "जात कहाँ हो", साडेतीन मिनिटं, हे आपल्याला पाठ आहे आणि गोवेकर तर ते जेवणानंतर रोज एकदा सांगतात. पण दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. एक, त्यांनी रेकॉर्डबरोबर सुई आणि ती बसवायचं कार्ट्रिज पण पाठवलं, आणि कव्हरवर चित्रं काढून दाखवलं की सुई इथे ठेवा, एक फेरा 3.6 सेकंदात फिरवा. म्हणजे अब्जावधी वर्षं टिकेल अशी तबकडी बनवणाऱ्यांना सुद्धा माहीत होतं की नुसत्या तबकडीचा उपयोग नाही. आणि दोन, ते गाणं यानावर पोचलं कसं. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने ते सुचवलं, पण रेकॉर्ड मिळेना, बाजारातून ती कधीच गेली होती. शोधता शोधता शेवटी न्यूयॉर्कला लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात, तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. बस. कुठल्या सरकारी भांडारात नाही, कंपनीच्या तिजोरीत नाही. आपल्या देशापासून सात समुद्र पलीकडे एका दुकानदाराने विकल्या न गेलेल्या तीन रेकॉर्डी फेकल्या नाहीत म्हणून केसरबाई आज ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात आहेत. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब 1946 ला गेले, त्यांची एकही रेकॉर्ड नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत फॉरमॅटचा वादच नाही. जे गायलं ते शिष्यांच्या गळ्यात उरलं तेवढंच, तीही एक प्रकारची कॉपीच म्हणा.

म्हणून मला आपल्याकडच्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांबद्दल आदर आहे आणि थोडा रागही आहे. आदर अशासाठी की मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, चोरबाजारात तासन् तास उकिडवे बसून तबकड्या निवडणारे, गावोगावचे रिटायर्ड मास्तर, या लोकांनी जपलं नसतं तर आज आपल्याला जुनं नाट्यसंगीत यूट्यूबवर सुद्धा ऐकायला मिळालं नसतं, तिथलं जवळपास सगळं कुणा ना कुणाच्या कपाटातूनच आलंय. राग अशासाठी की काही जण "माझ्याकडे एकमेव प्रत आहे" हे मिशीला पीळ देऊन सांगतात. अहो, एकमेव प्रत असणं ही अभिमानाची नाही, घाबरायची गोष्ट आहे! उद्या तुमच्या गावाला नदी आहे, शॉर्ट सर्किट आहे, आणि सगळ्यात मोठं संकट म्हणजे ज्यांना ते सगळं भंगार वाटतं अशी मुलं आहेत.

कायद्याचं भूत दाखवून पण लोक घाबरतात, ते पूर्ण खरं नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षांचा. म्हणजे 1964 ला निघालेली रेकॉर्ड, रेकॉर्ड म्हणून 2025 ला मोकळी झाली. गीतकार संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. पण जुन्या नाट्यपदांचं बघा, किर्लोस्कर 1885 ला गेले, देवल 1916, गडकरी 1919, भास्करबुवा बखले 1922, खाडिलकर 1948, गोविंदराव टेंबे 1955. सगळे मोकळे. बालगंधर्वांच्या जुन्या 78 मधला केवढा तरी भाग आज कुणीही कॉपी करावा, वाटावा, चढवावा असा आहे. तरी एखाद्याने चढवलं की कुठल्यातरी कंपनीचं मशीन आपोआप दावा ठोकतं आणि बिचारा घाबरून काढून टाकतो. यावर भांडायला हवं, आणि ते एकट्या मास्तरांनी भांडायचं काम नाही.

मला विचाराल तर विद्यापीठात भव्य ध्वनिसंग्रहालय वगैरे नको, त्याचं उद्घाटन होतं आणि मग एसी बंद पडतो. गावोगावी शासनमान्य ग्रंथालयं आहेत, त्यातल्या तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयांना एक बरा प्लेअर (78 च्या सुईसकट), एक चालू कॅसेट डेक, एक कॉम्प्युटर द्या. लोकांनी आपल्या रेकॉर्डी, कॅसेटी घेऊन यायचं, कॉपी करून घ्यायची, मूळ वस्तू घरी न्यायची, एक कॉपी ग्रंथालयात आणि एक दुसऱ्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयात, जिथे तीच नदी नाही. खर्च एका स्वागत कमानीएवढा. आणि काम तातडीचं आहे ते रेकॉर्डींसाठी नाही, कॅसेटींसाठी! लाखेची रेकॉर्ड अजून वीस वर्षं थांबेल. पण ऐंशी-नव्वदच्या दशकात गावागावात जे टेप झालं, कीर्तनं, दशावतार, आजीच्या ओव्या, त्या फितींचा डिंक सुटायला लागलाय आणि डेक भंगारात जायला लागलेत. त्यांच्यावर कुणी फॅशन म्हणून पण प्रेम करत नाही.

कॉपी करताना एक करा, कोण गातंय ते लिहा. 1902 च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात पहिली रेकॉर्डिंग केली तेव्हा गौहर जान ही गायिका गाणं संपवून इंग्रजीत आपलं नाव सांगायची, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या लोकांना कळायला हवं की लेबल कुणाचं लावायचं. शंभर वर्षांनी मी काकांची हार्ड डिस्क भरली तेव्हा फाइलींना नावं दिली होती, ट्रॅक 01, ट्रॅक 02.

हो, त्या हार्ड डिस्कमधलं बरंचसं मिळालं. 2016 मध्ये आत्याच्या मुलीने चिपळूणला आलेली असताना त्यातलं निम्मं पेन ड्राइव्हवर घेतलं होतं, न विचारता, आणि तिच्याकडून ते नागपूरच्या मावसभावाकडे गेलं होतं. काका तेव्हा तिच्यावर चिडले होते. पुरात ज्या 78 ची लेबलं सुटली त्यातल्या बऱ्याच आम्ही ओळखल्या, लेबलाच्या कडेला खोबण संपते तिथे कोरलेला नंबर असतो, एका जाणकाराने त्यावरून पटापट सांगितलं. तीन राहिल्या, त्यांचे नंबर काकूच्या साबणाने की आजोबांच्या पिनेने पुसट झालेत देव जाणे. त्यांचे तुकडे घरच्या ग्रुपवर टाकलेत. एक बाई आहे, बहुतेक तोडी, आत्या म्हणते हिराबाई बडोदेकर, काका म्हणतात शक्यच नाही, हिराबाईंचा पंचम असा नाही लागत, आणि नागपूरचा भाऊ म्हणतो स्पीड चुकलाय, आधी तो नीट करून परत पाठव.